बोर्डावर १२०, गनमध्ये साडेसतरा

२०२५ च्या मे महिन्यातला शनिवार, दुपारचे बारा वीस. इंदूरबाहेर राऊ ओलांडून महूकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मराठी भोजनालयाच्या अंगणात पुण्याहून आलेले एक गृहस्थ इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरच्या पडद्यावर बोट ठेवून विचारत होते, "बोर्डावर १२० लिहिलंय. मग मला साडेसतरा का?"

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. नवी मोठी एसयूव्ही, ७९ युनिटांची बॅटरी, २२ टक्के शिल्लक. ८० टक्क्यांपर्यंत न्यायची तर सुमारे ४६ युनिटं भरायची. १२० किलोवॅटने भरली तर तेवीस मिनिटं. पोरांचं जेवण आटोपेपर्यंत गाडी तयार, मग थेट उज्जैन, संध्याकाळच्या आरतीला. पडदा मात्र अडीच तासांच्या वरचा आकडा दाखवत होता. गल्ल्यावरच्या काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ताक पाठवलं. ताक गोडच लागलं असणार, पण त्याने किलोवॅट वाढत नाहीत.

सोमवारी काकांचा मला फोन आला. "ताई, मशीन विकणारा म्हणतो वीज कमी येते. वीज ऑफिसवाले म्हणतात आमची पुरेपूर येते. गाडीवाला म्हणतो तुम्ही फसवता. तू येऊन बघ, कोण खोटं बोलतंय."

बघितल्यावर कळलं की खोटं कुणीच बोलत नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं.

माझं काम इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांतलं. भट्ट्या, कॉम्प्रेसर, महिन्याच्या बिलातली डिमांड, यातच बावीस वर्षं गेली. इलेक्ट्रिक गाडीच्या आतलं मला फारसं कळत नाही. पण हे दुखणं गाडीच्या आतलं नाही, असा अंदाज फोनवरच आला होता.

जागा आणि गर्दी

धुळे, शिरपूर, सेंधव्यावरून आलेली गाडी खलघाटला नर्मदा ओलांडते, मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येते आणि महू-राऊच्या टप्प्यात चार्जर शोधते. धुळे ते इंदूर हा पल्ला अडीचशे किलोमीटरच्या वरचा. नाशिकहून भरून निघालेल्यालाही इथवर येताना घाम फुटतो. लोक घाटाला दोष देतात. खरं तर नर्मदेच्या काठापासून इंदूरपर्यंतचा चढ सुमारे चारशे मीटरचा. दोन टनांची गाडी तेवढी वर उचलायला दोन-सव्वादोन युनिटं पुरतात. बॅटरी खाते ती शंभर-एकशेदहाची चाल.

काकांचं घराणं होळकरांच्या काळापासून इंदुरात आहे. भोजनालय त्यांच्या वडिलांनी काढलेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिराचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर खुला झाला, तेव्हापासून शनिवार-रविवार महाराष्ट्राच्या पाट्यांच्या गाड्यांची रांग लागते. त्यात इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या. काकांच्या धाकट्या मुलाने विषय काढला, जागा होतीच. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलेलं होतं: ती वीज विकणं नव्हे, सेवा देणं. म्हणजे कागदाची अडचण नव्हती. अडचण तारेची होती.

काय बसवलं होतं

दोन मशीन, प्रत्येकी ६० किलोवॅटची, प्रत्येकीला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग. साठ आणि साठ मिळून बोर्डावर १२०. वीज जोडणी एलटीवरची, म्हणजे कमी दाबाची. मंजूर डिमांड, म्हणजे एका वेळी ओढायची कमाल मर्यादा, ७५ केव्हीए.

इथेच कुणीही भुवया उंचावेल. ७५ केव्हीएवर १२० किलोवॅटची मशीन कशी? पण यात लबाडी नाही. इंदुरातल्या प्रत्येक गिरणीत, प्रत्येक वर्कशॉपमध्ये मोटारींच्या पाट्यांवरची बेरीज मंजूर लोडपेक्षा जास्तच निघते. सगळ्या मोटारी एकदम चालत नाहीत, एवढ्याच भरवशावर. वीज ऑफिसने ७५ वर थांबवलं त्यालाही कारण होतं. त्या रस्त्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, २०० केव्हीएची. तिच्यावर आजूबाजूची दुकानं, एक शीतगृह आणि काकांचं स्वतःचं स्वयंपाकघर. याहून जास्त हवं असेल तर एचटी, म्हणजे उच्च दाबाची जोडणी घ्या, आपली डीपी आपण उभारा, असं सांगितलं गेलं. ठेकेदाराचा अंदाज साडेनऊ लाखांचा आला आणि तो कागद काकांनी देवघरातल्या खणात ठेवून दिला.

६० किलोवॅट म्हणजे नेमकं किती, हे काकांना समजावताना मी शेतीच्या पंपाचं माप वापरलं. पाच हॉर्सपॉवरचा पंप ३.७ किलोवॅटचा. एका मशीनमध्ये असे सोळा पंप. दोन मशीन म्हणजे बत्तीस पंप, तेही एका वडाच्या झाडाखाली, अर्ध्या एकरात. महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं गेलं, पण महामार्गाकडेच्या ११ केव्हीच्या तारा टाकताना असं ओझं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

"बत्तीस पंप?" काका म्हणाले. "मग डीपी जळाली नाही हेच नशीब."

नशीब नव्हतं. कुणीतरी आधीच लगाम घातला होता, आणि तोच पुण्याच्या गृहस्थांना नडला.

पहिला दिवस: पुरवठ्याच्या बाजूने

मी क्लॅम्प मीटर घेऊन गेले. सुरुवात नेहमी डीपीकडून करायची आणि गाडीकडे सरकायचं, कारण वाटेत जी जागा सगळ्यांत अरुंद, तिच्यातून जेवढं जाईल तेवढंच गाडीला मिळतं.

७५ केव्हीए म्हणजे ४१५ व्होल्टला १०४ अँपियर. केव्हीएचे किलोवॅट करणारा पॉवर फॅक्टर ०.९९, मशीन एसीचं डीसी करताना पाच टक्के उष्णतेत घालवते. हिशेब करून गाड्यांच्या वाट्याला ७० किलोवॅट उरतात. हा पहिला आणि खरा आकडा. बोर्डावर काही लिहायचंच होतं तर हाच लिहायला हवा होता.

केबल ९५ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची, लांबी साठ मीटर. पूर्ण लोडवर एका फेजला अडीच व्होल्ट पडतात. केबल निर्दोष.

ब्रेकर मात्र निर्दोष नव्हता. मुलाने सांगितलं की मे महिन्यात दोन रविवारी संध्याकाळी ब्रेकर पडला, चारही गाड्या एकदम थंड. १२५ अँपियरचा ब्रेकर १०४ अँपियरवर पडतो कसा? इथे एक गोष्ट उलटी आहे आणि ती वायरमन मंडळींच्याही लवकर लक्षात येत नाही. व्होल्टेज उतरलं की बल्ब मंद होतो, शेगडी कमी तापते. म्हणजे लोड आपोआप घटतो. चार्जर तसा वागत नाही. त्याने गाडीला जेवढे किलोवॅट कबूल केलेत तेवढे तो देणारच. व्होल्टेज कमी असेल तर तारेतून जास्त करंट ओढून देणार. रविवारी संध्याकाळी सातनंतर मला तिथे ३७५ व्होल्ट मिळाले. चारही गन भरलेल्या असतील तर तेवढ्याच कामाला १०४ ऐवजी ११५ अँपियर लागतात. त्यात ब्रेकरचा पत्र्याचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर उन्हात. आत हात घालवेना. त्या ब्रेकरवरचा १२५ हा आकडा ४० अंश धरून दिलेला. डब्यातल्या भट्टीत तो १२५ चा उरलाच नव्हता.

डबा उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत हलवला आणि १६० अँपियरचा ब्रेकर बसवला. एका दिवसाचं काम. पण हे संध्याकाळचं दुखणं झालं. शनिवारी भर दुपारी व्होल्टेज ४०८ होतं, ब्रेकर शांत होता, तरी गाडीला साडेसतराच मिळत होते.

दुसरा दिवस: गाडीने काय मागितलं

सीसीएस-२ या जलद चार्जिंगच्या गनमध्ये जाड डीसी तारांबरोबर एक बारीक तार असते. तिच्यावरून गाडी आणि मशीन सतत बोलत असतात. या बोलण्यात गाडी मागणारी आणि मशीन देणारी. गाडी सांगते, मला इतके व्होल्ट, इतके अँपियर हवेत. मशीन त्याहून कमी देऊ शकते, जास्त कधीच नाही. कमी दिलं तर कारणही सांगते: माझी करंटची मर्यादा आली, किंवा माझी पॉवरची मर्यादा आली.

या संवादाची नोंद बहुतेक मशीन ठेवतात आणि बहुतेक मालक ती कधी उघडत नाहीत. काकांच्या मुलाकडे तिचा पासवर्डच नव्हता. मशीनवाल्याकडून तो मिळवण्यात अख्खी सकाळ गेली. मला दोनच रकाने हवे होते, मागितलेला करंट आणि दिलेला करंट. दोन्ही सारखे असतील तर गाडीचीच भूक तेवढी. मागितलेला जास्त आणि दिलेला कमी असेल तर अडथळा आपल्या बाजूला.

एवढ्या एका पडताळणीने निम्मी भांडणं तिथेच मिटली. बऱ्याच नोंदींत गाडीनेच कमी मागितलेलं होतं. ३०.२ युनिटांच्या बॅटरीची पहिल्या पिढीतली गाडी पंचवीस किलोवॅटच्या आसपासच घेते; तिला साठच्या मशीनवर लावा की दोनशे चाळीसच्या, फरक शून्य. ८० टक्क्यांनंतर तर प्रत्येक गाडी हात आखडते. आणि काही छोट्या गाड्यांना डीसीचं तोंडच नसतं. त्यांचे मालकही इथे येऊन गन हातात घेऊन उभे राहिलेले आहेत.

पण त्या शनिवारची नोंद वेगळी होती. १२.२० ला अंगणातलं चित्र असं:

मशीन १ च्या पहिल्या गनवर एक छोटी गाडी, ८८ टक्के भरलेली. मागणी ८ किलोवॅट, मिळत होते ८. दुसऱ्या गनवर पुण्याची एसयूव्ही. मागणी मशीनच्या ताकदीपलीकडची, मिळत होते १७.५, आणि शेजारी शेरा: पॉवरची मर्यादा आली. मशीन २ वर एक टॅक्सी, मागणी २४, मिळत होते २४. चौथी गन हुकावर टांगलेली.

बेरीज ४९.५. हातात ७०. वीस किलोवॅट कुणालाही न मिळता पडून होते आणि शेजारी एक माणूस आरती चुकणार म्हणून चिडत होता. वीज कंपनीच्या मीटरमधला लोड सर्व्हे, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज ओढली याची नोंद, काढला. त्या तासाची डिमांड ५३ केव्हीए. ७५ च्या जवळपासही नाही.

म्हणजे पुरवठा कमी पडत नव्हता. पुरवठ्याच्या भीतीने घातलेला लगाम कमी पडत होता.

लगाम कुणी आणि कसा घातला

मशीन बसवणाऱ्या माणसाने ७० किलोवॅटचा हिशेब बरोबर केला होता. दोन्ही मशीन एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून त्याने सोपा मार्ग काढला: दोघींना कायमची ३५-३५ ची मर्यादा. शेजारची मशीन रिकामी असो वा भरलेली, हिला ३५ च. मग मशीनच्या आतला कायदा: एकच गाडी असेल तर सगळं तिला, दोन असतील तर निम्मं-निम्मं. पस्तीसचं निम्मं साडेसतरा. शेजारच्या छोट्या गाडीला आठच हवे होते, तरी तिच्या नावाचे साडेनऊ तिच्या ताटात तसेच पडून राहिले.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याची जबाबदारी एवढीच होती की डिमांड ओलांडली जाऊ नये, जादा आकार लागू नये, आणि ती त्याने पार पाडली. गिऱ्हाईक किती वेळ उभं राहील हे त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं. पिथमपुरात मी हेच पाहिलंय. दोन भट्ट्या, एक डिमांड. भांडण नको म्हणून कुणीतरी अर्धी-अर्धी वाटणी करून देतं आणि वर्षानुवर्षं दोन्ही भट्ट्या अर्धपोटी चालतात.

गनच्या मर्यादेचाही संशय मी घेतला होता. गन २०० अँपियरची. ३२० व्होल्टच्या बॅटरीला त्यातून ६४ किलोवॅट जातात, म्हणजे साठच्या मशीनवर गन आड येत नाही. मोठी मशीन असती तर आली असती. काकांच्या मुलाच्या मनात तिसरी मशीन १२० ची घ्यायचं होतं, म्हणून हे त्याला मुद्दाम कागदावर काढून दाखवलं: व्होल्ट कमी असलेल्या गाडीला मशीनची पाटी उपयोगाची नाही, गनचे अँपियर बघ. महिंद्राच्या २०२४ च्या अखेरीस आलेल्या मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्ही १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकतात, त्यांच्यासाठी घेतोस म्हणालास. पण ७० च्या तारेवर १७५ कुठून आणणार?

घरातली बैठक

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर चार मतं होती.

काकांचं मत: एचटी घेऊन टाकू, एकदाचं होऊन जाऊ दे. मुलाचं मत: बॅटरी बँक बसवू, रात्री भरू, दुपारी देऊ. मशीनवाल्याचं मत, फोनवरून: तिसरी मशीन. काकूंचं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "चौघांच्या टेबलावर एकट्या माणसाला बसवतो का आपण गर्दीच्या वेळी? मग गाड्यांना का बसवता?"

मी हातातला घास ताटात ठेवला. यंत्रं बदलायच्या आधी करायची गोष्ट हीच होती. त्या शनिवारी छोटी गाडी मशीन २ वर टॅक्सीशेजारी लावली असती आणि एसयूव्हीला मशीन १ एकटीला दिली असती, तर काहीही न बदलता तिला सुरुवातीपासून ३५ मिळाले असते. मशीन २ वर मात्र टॅक्सीचे २४ कमी होऊन साडेसतरा झाले असते. म्हणजे फुकट काही नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. गाडी कुठे लावायची हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारतच नव्हतं. जिथे जागा दिसेल तिथे लोक गाडी घुसवत होते.

बॅटरी बँकेचा हिशेब करून पाहिला. शनिवारची गर्दी अकरा ते तीन. शंभर युनिटांची बँक ५० किलोवॅटने दोन तासांत रिकामी. उरलेले दोन तास पुन्हा पहिल्यासारखे. किंमत एचटीपेक्षा जास्त. मुलाचा चेहरा पडला. छतावर १५ किलोवॅट सोलरची जागा आहे, ती कल्पना मला जास्त आवडली, कारण गर्दीही दुपारचीच. शिवाय २०२३ च्या नियमबदलानंतर सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग अशी रचना आली आहे. काकांचं बरंचसं विकणं स्वस्त तासांतलं. पण सोलरचं उत्तर श्रावणात ढगाखाली जातं, आणि काकांची सगळ्यांत मोठी गर्दी श्रावणातली.

मग एक खुसखुशीत मुद्दा निघाला, तो काकांनीच कबूल केला. स्टेशन सुरू केलं तेव्हा त्यांना हळू चार्जिंग बरंच वाटलं होतं. गाडी दोन तास उभी, म्हणजे दोन चहा, एक जेवण, पोरांना कुल्फी. थाळीला चाळीस मिनिटं पुरतात. त्याहून लवकर गाडी भरली तर गिऱ्हाईक ताटावरून उठेल ही भीती. ते एका परीने खरंही होतं. पण रांग लागायला लागली आणि पुढच्या गाडीवाल्याने रांग बघून न जेवताच पुढचा रस्ता धरला, तेव्हा गणित फिरलं.

काय केलं, आणि काय फसलं

ठरलं ते असं. मुख्य केबलवर एक मीटर आणि एक छोटा नियंत्रक बसवायचा. तो दर काही सेकंदांनी बघेल की एकूण किती जातंय, कोण किती मागतंय. जो कमी मागतो त्याचं उरलेलं मागणाऱ्याला देईल. एकूण आकडा ७५ केव्हीएच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. खर्च एक लाख दहा हजार. पिथमपुरात हे तंत्र तीस वर्षं जुनं आहे. तिथे त्याला डिमांड कंट्रोलर म्हणतात आणि कुणाला त्याचं कौतुक नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हे इंटरनेटवरून सुरू केलं. मशीन ओसीपीपी या सामायिक भाषेत दूरच्या सर्व्हरशी बोलतात आणि सर्व्हरने पाठवलेली मर्यादा पाळतात. नवीन तार ओढायची गरज नव्हती, म्हणून मीच हो म्हटलं. ती माझी चूक.

तिसऱ्या रविवारी पावसाने नेट गेलं. नेट गेलं तेव्हा मशीन १ एकटी चालू होती आणि तिला साठची परवानगी मिळालेली होती. मशीन २ ची शेवटची मर्यादा आधीच्या तासातली, ४६. सर्व्हरचा आवाज बंद झाल्यावर दोघींनी शेवटचं वाक्य प्रमाण मानलं. थोड्या वेळाने मशीन २ वर दोन गाड्या लागल्या. साठ आणि सेहेचाळीस. दोघी आपापल्या जागी आज्ञाधारक, आणि बेरीज मंजुरीच्या पार वर. या मीटरवर डिमांड पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीने धरली जाते. त्या पंधरा मिनिटांत मीटरने ८८ लिहून ठेवले. नवा ब्रेकर पडला नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही. पत्ता बिलातून लागला. जादा आकार काकांनी भरला, मी माझ्या फीमधून तेवढे वळते केले.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. नियंत्रकापासून दोन्ही मशीनपर्यंत जमिनीखालून तार टाकली, इंटरनेट फक्त बिलासाठी ठेवलं. आणि मशीनमध्ये एक कायम नियम लिहिला: नियंत्रकाचा आवाज तीस सेकंद आला नाही तर आपणहून ३५ वर ये. जुना लगाम फेकून दिला नाही, पडत्या काळासाठी खुंटीला टांगून ठेवला. असं स्टेशन कुणी बसवत असेल तर मशीनवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की संपर्क तुटला तर तुझी मशीन काय करते. बहुतेकांना उत्तर माहीत नसतं.

एक मर्यादा तरीही राहिली. मशीनच्या आत ३० किलोवॅटचे दोन मोड्यूल, म्हणजे वीज देणारे संच आहेत. दुसरी गाडी लागली की एक मोड्यूल तिच्याकडे जातो आणि ती आठच किलोवॅट पीत असली तरी तो तिचाच राहतो. उरलेले बावीस शेजारच्या गनला मिळत नाहीत. बारीक मोड्यूलच्या मशीनमध्ये हे नुकसान कमी होतं, पण ते मशीन घेतानाच बघायला हवं होतं. तोच शनिवार नव्या पद्धतीने मांडून पाहिला. छोटी गाडी आणखी पन्नास मिनिटं थांबली होती. जुन्या लगामात एसयूव्हीला आधी १७.५, मग ३५, एकूण एक तास त्रेचाळीस मिनिटं लागली होती. नियंत्रक असता तर आधी ३०, मग ४६, एक तास सतरा मिनिटं. आणि काकूंच्या नियमाने मशीन १ एकटीला दिली असती तर आधी ३८, मग ४६, एक तास आठ मिनिटं. शेवटच्या नऊ मिनिटांना एक पैसाही लागत नाही. फक्त अंगणात उभ्या पोऱ्याने हात दाखवायचा असतो.

तो पोऱ्या आता गाडी आत शिरतानाच विचारतो, किती टक्के उरलेत, किती करायचेत, जेवणार का. उत्तराप्रमाणे जागा देतो. ८५ टक्क्यांना चार्जिंग थांबेल असं मशीनमध्ये टाकलं आहे, कुणी सांगितलं तरच पुढे. भरून झाल्यावर गाडी न हलवल्यास मिनिटामागे दंड लावावा असं मुलाचं म्हणणं होतं. काकूंनी ते मोडीत काढलं. ताटावरच्या माणसाला उठवायचं नाही. मला ते धंद्याच्या दृष्टीने पटलेलं नाही, पण भोजनालय त्यांचं आहे.

श्रावणाची परीक्षा

उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. २०२५ मध्ये माळव्यातल्या लोकांचा श्रावण ११ जुलैला लागला आणि महाराष्ट्राचा २३ ऑगस्टला संपला. दोन्हींची गर्दी एकाच रस्त्यावर, सलग सहा आठवडे. ब्रेकर एकदाही पडला नाही. डिमांड ७५ च्या वर गेली नाही. ऑगस्टच्या ७४४ तासांपैकी २६ तास असे होते की गाड्या जेवढं मागत होत्या तेवढं ७० मध्ये बसत नव्हतं. बाकीच्या ७१८ तासांत तारेत जागा होती.

एचटीचा साडेनऊ लाखांचा कागद यानंतर पुन्हा टेबलावर आला. सव्वीस तासांसाठी एवढे पैसे घालायचे का? मी आत्ता नको म्हटलं. पण २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तोवर रस्त्यावरच्या मोठ्या बॅटरीच्या गाड्या वाढतील आणि सव्वीसचे किती तास होतील हे दर महिन्याच्या लोड सर्व्हेतून दिसत राहील. शंभराच्या वर गेले की अर्ज करायचा, आणि तोही २०२७ उजाडण्याआधी. सगळे एकदम अर्ज करायला लागले की डीपीला नंबर लागतो. मुलाने भिंतीवर एक तक्ता लावला आहे, त्यात महिना आणि तास एवढे दोनच रकाने. सप्टेंबरात अठरा भरले.

संध्याकाळचं व्होल्टेज मात्र अजून ३७८ च्या वर येत नाही. त्याचे पंधरा दिवसांचे आकडे तारीख-वेळेसह वीज ऑफिसात दिले आहेत. डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायची जागा, बदलून बघू असं तोंडी उत्तर आलंय.

बोर्ड गणपतीच्या आधी नव्याने रंगवला. काकांना "फास्ट चार्जिंग" हे शब्द हवेच होते, ते राहिले. त्याखाली आता लिहिलंय: एका गाडीला जास्तीत जास्त ६०, सगळ्या मिळून ७०. रंगाऱ्याने विचारलं, "भिया, लोक नाव मोठं करून लिहितात, तुम्ही लहान करताय?" काकांनी त्याला ब्रशाचे पैसे दिले आणि जेवून जायला सांगितलं.